लीदीवर नेमलेले साहेब

नागपंचमीचा दुसरा दिवस: सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या दरवाज्यात एका बड्या साहेबांची घोड्यांची लीद उचलण्याच्या कामावर नेमणूक करण्यात आली. जबाबदार: कोणीही नाही, कारण यात अपराधच नाही.

राखीपौर्णिमा: कार्यालयाला सुट्टी असताना, कोणतीही विचारणा न करता, किल्ल्याचे गाईड सिद्राम अण्णा यांना त्यांच्या भवानी पेठेतील खोलीवर कामावरून दूर केल्याचा तीन ओळींचा आदेश देण्यात आला. जबाबदार: सदर साहेबांचे स्वीय सहायक आणि त्यांच्या एका फोनवर सही करणारे अधीक्षक.

गोकुळाष्टमी: अण्णांच्या जागी ध्वनिक्षेपक बसवण्यात आला. जबाबदार: तेच अधीक्षक.

हरतालिका: सुनावणी झाली. जबाबदार: प्रस्तुत लेखक. ही जबाबदारी मी आनंदाने स्वीकारतो.

किल्ल्याची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयाचे आणि या अधिकाऱ्यांचे नाव मी वृत्तपत्राला लिहिलेल्या या पत्रात देत नाही. त्यांना आपण कोण हे ठाऊक आहे. आणि इतरांना ठाऊक व्हावे इतके मोठे काम त्यांनी अद्याप केलेले नाही.

किल्ल्यात आज घोडा नाही, पागा नाही, अर्थात लीदही नाही. पण अण्णांच्या लेखी किल्ला चालू आहे. गेली कित्येक वर्षे ते दरवाज्यात उभे राहतात, आत येणाऱ्याला आडवा हात करून थांबवतात आणि विचारतात, "कुटनं आला? बाहेर काय काम करता?" उत्तर ऐकले की पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात आणि त्याला किल्ल्यातले एक काम देऊन टाकतात. "नेमनूक झाली. चला कामावर." त्यापुढचा सगळा फेरफटका त्या कामाच्या अंगाने होतो. पाणक्याला ते पाणी कुठून कुठे वाहायचे ते दाखवतात, गवंड्याला चुना कुठे मळायचा ते. बुरुजावरच्या पहारेकऱ्याला ऊन कोणत्या वेळी डोळ्यांवर येते हे प्रत्यक्ष उभे करून समजावतात.

सरदार व्हायला सगळेच तयार असतात. अण्णांचे उत्तर ठरलेले. "यप्पा! सरदार एकच असतोय की. ती जागा भरली. पानी वाहायला मानसं पायजेत."

किल्ला कोणी बांधला, असे कोणी विचारले की अण्णा शांतपणे सांगतात, "गवंड्यांनी."

"तसं नव्हे हो, कोणत्या राजानं?"

"ते पाटीवर लिवलंय की. पाटी वाचून दाखवायला मला कशाला ठेवलंय? तुमी शिकलेलं दिसता."

माझी आणि त्यांची ओळख अशाच एका नेमणुकीने झाली. न्यायालयातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरातून सकाळी दुचाकीवर किल्ल्यापर्यंत यायचे आणि तटाच्या कडेने फिरायचे, असा मी नेम ठेवला. पहिल्याच दिवशी अण्णांनी हात आडवा केला. मी न्यायालयात होतो, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"लई बरं झालं! तुमी धान्याच्या कोठारावर बसा. तितं भांडनं लई हुत्यात."

मी सांगितले, की मी केवळ फिरायला आलो आहे.

"किल्ल्यात नुसतं फिरनारा मानूस म्हंजी हेर," अण्णा म्हणाले. "ठरवा काय ते."

मी कोठार स्वीकारले. तेव्हापासून ते मला 'कोठारसाहेब' म्हणतात. न्यायालयाने इतक्या वर्षांत दिलेल्या कोणत्याही पदनामापेक्षा मला हे अधिक शोभते, असे माझ्या पत्नीचे मत आहे.

कामे देण्यातला त्यांचा न्याय विलक्षण असे. एक नवविवाहित जोडपे आले. नवऱ्याने आल्याआल्या छाती पुढे काढून सांगितले, "मी तोफेवर."

अण्णांनी दोघांकडे पाहिले. "तोफ बाई डागतील. आवाज त्यांचा खनखनीत हाय. तुमी दारू वाळवायची. ऊन फिरंल तसं पोतं सरकवायचं, आन बिडी वढायची न्हाय."

ती मुलगी इतकी हसली, की तटावरची कबुतरे उडाली. नवरा मात्र खरोखरच विचारू लागला, की पावसाळ्यात दारू कोरडी ठेवत कशी असतील. आणि त्यानंतर बराच वेळ ते दोघे कोरडी जागा शोधत किल्लाभर हिंडले. मोबाइलमध्ये मान घालून चालणाऱ्या एका कॉलेजकुमाराला त्यांनी बुरुजावर उभे केले आणि म्हणाले, "मान खाली घातलेला पहारेकरी कुनाचा हाय? शत्रूचा. वर बघा." चाटी गल्लीतल्या एका धष्टपुष्ट व्यापाऱ्याला भटारखान्यात पाठवले. "फौजेला कडक भाकरी लागत्यात. तुमी थापा. खाऊ नका."

आता त्या वादग्रस्त सकाळीकडे वळतो. मी स्वतः तेथे उपस्थित होतो, म्हणून लिहितो ते ऐकीव नाही.

साहेबांची गाडी दरवाज्याशी थांबली. मागे आणखी गाड्या. स्वीय सहायकांच्या हातात जरीचा फेटा होता. तो साहेबांच्या डोक्यावर ठेवून बुरुजावर छायाचित्र काढायचे, असा बेत होता. अण्णांनी नेहमीप्रमाणे हात आडवा केला.

"आला का? लई वेळ लावला. पागेत लीद साचलीया. ती आदी उचला, मग बाकीचं."

स्वीय सहायक पुढे सरसावले. "साहेब कोण आहेत, माहिती आहे का तुम्हाला?"

"व्हय की. नवीन भरती."

"अहो, लीद?"

"मग? घोडी काय तुमच्या हापिसात जाऊन करनार हायत?"

मागच्या गाडीतला कोणीतरी हसला. मला वाटते, प्रकरण त्या हसण्याने बिघडले. साहेबांनी पागेच्या जागेकडे एकदा पाहिले, काहीतरी विचारण्यासाठी तोंड उघडल्यासारखे केले, आणि तेवढ्यात सहायकांनी त्यांना गाडीत बसवले. फेटा तसाच परत गेला.

त्यानंतर तो आदेश आला. कारण काय दिले होते? "मान्यवरांशी अपमानास्पद वर्तन." ना नोटीस, ना खुलासा मागवणे, ना बाजू मांडण्याची संधी. घरातली मांजर हाकलतानाही माणूस आधी 'शुक' म्हणतो. सिद्राम अण्णांना तेवढेही कोणी म्हटले नाही.

ध्वनिक्षेपक बसला. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच माहिती त्याच आवाजात सांगू लागला. मी कोठाराच्या जागेजवळ बसलो असताना ते नवविवाहित जोडपे पुन्हा आले. मुलीने इकडेतिकडे पाहिले. नवरा त्या भोंग्यासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि मग मला म्हणाला, "काका, ते आजोबा नाहीत? मी शोधून काढलंय, दारू कुठं ठेवत असतील ते. त्यांना सांगायचं होतं." भोंगा त्याला तटाची उंची सांगत राहिला.

त्या दिवशी घरी जाऊन मी पहिला अर्ज लिहिला. त्याला उत्तर आले नाही. दुसरा लिहिला, त्याला उत्तर आले, पण ते दुसऱ्याच विषयाचे होते. तिसऱ्या अर्जात मी नैसर्गिक न्यायाचे तत्त्व, आदेशावरील सहीखालचे चुकीचे पदनाम आणि सुट्टीच्या दिवशी केलेली बजावणी, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात गुंफल्या आणि प्रती वरच्या सर्वांना पाठवल्या. मग सुनावणी लागली. किल्ल्यातल्याच लहानशा कार्यालयात, हरतालिकेच्या सकाळी. बाहेरगावाहून एक मॅडम सुनावणी अधिकारी म्हणून आल्या होत्या. साहेब आले नाहीत. स्वीय सहायक आले. अधीक्षक कोपऱ्यात बसले. दाराशी हौसाबाई उभ्या होत्या. किल्ल्याचा आतला भाग त्या रोज झाडतात, आणि खोली झाडायची राहिली असल्यामुळे खराटा घेऊन खोळंबल्या होत्या.

अण्णांना मी बजावून ठेवले होते: "तुम्ही एक अक्षर बोलायचे नाही."

मी सहायकांना विचारले, "अपमान नेमका कशाने झाला?"

"लीद उचलायला सांगितल्यानं."

"म्हणजे जनावरांची घाण उचलणे हे काम अपमानास्पद आहे, असे आपले म्हणणे आहे?"

"उघडच आहे."

"हे आपण लेखी द्यावे," मी म्हणालो.

त्यांनी पेन काढले. पण दारातून आवाज आला.

"आवं थांबा की जरा! मग मी सकाळधरनं काय करतीया?"

सगळे वळले. हौसाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. "कुत्री हितं, गाढवं हितं, येनाऱ्या-जानाऱ्याची गुरं हितं. समदं मीच उचलती. माझा बी अपमान झाला म्हना की मग! मला बी लिवून द्या तसलं कायतरी. आन बिगीबिगी द्या, उपास हाय माझा."

"बाई, तसं नाही," सहायक गडबडले. "तुमचं ते कामच आहे."

"आन अण्णानं साहेबास्नी काय दिलं हुतं? परसाद?"

मॅडमनी पेन टेबलावर ठेवले आणि तोंडाला रुमाल लावला. अधीक्षक छताकडे पाहू लागले. मी माझ्या नोकरीच्या काळात नामांकित वकिलांचे युक्तिवाद ऐकले आहेत. खराट्यासह केलेला इतका बिनतोड युक्तिवाद ऐकलेला नाही. सहायकांनी पेन खिशात घातले. ते लेखी निवेदन अद्याप आलेले नाही.

आदेश तिथल्या तिथे मागे घेण्यात आला. ध्वनिक्षेपक काढून टाकण्याची तोंडी सूचना झाली. मी ती लेखी करून घेतली. हौसाबाईंनी लगेच खोली झाडायला घेतली आणि अधीक्षकांना पाय वर घ्यायला लावले. विजय संपूर्ण होता.

उठता उठता मॅडमनी सहज विचारले, "अण्णा, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी डोळे वटारले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"मॅडम, राजाची गोष्ट सांगितली की लोकं फोटू काढत्यात आन जात्यात. परत येत न्हाईत. काम दिलं की येत्यात. त्येंचं त्येंचं काम बघायला येत्यात, अण्णा हे असं हुतं व्हय, अण्णा ते तसं हुतं व्हय, म्हनून इचारत्यात." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बायको गेल्यापास्नं खोलीवर वाट बघनारं कोन न्हाय माझी. मग म्या हितं बघतो. कोन ना कोन येतंय."

हौसाबाईंनी खराटा पुन्हा भिंतीला टेकवला.

"त्या साहेबांवर राग आहे का तुमचा?" मॅडमनी विचारले.

"छ्या! उलट लीद म्या मुद्दाम दिली. एवढं मोठं मानूस, हलकं काम दिलं तर राग काढायला तरी परत येईल म्हनलं. आन त्येंनी पागंकडं बघितलं हुतं, म्या बघितलं. कायतरी इचारनार हुते ते." अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली. "तेवढं ऱ्हायलंच की."

दुसऱ्या दिवशी, गणेशचतुर्थीला, अण्णा दरवाज्यात उभे होते. तेव्हापासून मी पाहतो आहे: कोणतीही मोठी गाडी थांबली की ते टोपी सारखी करतात आणि दोन पावले पुढे होतात. गाडीतून दुसरेच कोणी उतरते. अण्णा हात आडवा करून त्यांना काम देतात. पागेवर मात्र अजून कोणाला पाठवलेले नाही. विचारले, तर म्हणतात, "ती जागा भरली हाय."

म्हणून ही जाहीर मागणी. माफी नको, माफीनाम्यांना कपाटात ठेवण्यापलीकडे काही उपयोग नसतो. सदर साहेबांनी, सहायकांमार्फत नव्हे तर स्वतः, याच वृत्तपत्रातून सर्वांसमक्ष एवढेच सांगावे: त्या सकाळी पागेकडे पाहून आपल्याला काय विचारायचे होते, आणि ते विचारायला आपण केव्हा येणार आहात?