म्हशी पाण्यात उतरेपर्यंत

जनावरांचं इंटरनेट नदीतून जातं, आणि म्हशी पाण्यात उतरल्याशिवाय ते घाटावरच्या कावळ्यांपर्यंत पोचत नाही. मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला आहे ते कावळा त्या इंटरनेटवर बघतो, घरच्यांनी दिलेला शब्द तिथे नोंदवतो आणि मगच पिंडाला शिवतो. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण आबांच्या दहाव्याला नदीकडे बघायचं कोणाला सुचलं नाही.

आबांची लेक इंदुमती बायकांच्या मागे उभी होती. जमिनीच्या वाटणीत तिने आपला हिस्सा मागून घेतला, तेव्हापासून थोरल्या भावाने, सर्जेरावांनी, तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आबा होते तोवर ती माहेरी येत होती. आज ती घाटावरूनच सासरी परतणार होती. कपड्यांची पिशवीसुद्धा तिने आणली नव्हती.

पिंड ठेवून बराच वेळ झाला. कावळा लिंबाच्या फांदीवर बसून होता.

"आबा, वर्षश्राद्ध जोरात करतो," सर्जेराव हात जोडून म्हणाले.

कावळ्याने मान तिरकी केली.

"तुमची कपिला गाय विकणार नाही. मरेपर्यंत दावणीला राहील."

कावळ्याने चोचीने पंख साफ केले.

"आबांचा जीव कुठं होता ते तुला ठाऊक नाही होय रे?" चुलती मागून म्हणाली. "पोरीचं बोल की!"

सर्जेराव वळले नाहीत. ऊन पिंडावर आलं. शेवटी ते खाली बघत म्हणाले, "इंदीचं माहेर तुटणार नाही. दिवाळीला तिला न्यायला मी स्वतः येईन."

इंदुमतीने पदर तोंडाला लावला. कावळा हलला नाही.

तेव्हा गद्रे गुरुजींनी कपाळावर आडवा हात धरून नदीकडे पाहिलं. पात्रात एकही म्हैस नव्हती.

"लाईनच नाही," ते म्हणाले. "आज लाळ्या-खुरकताची लस आहे. म्हशी तिकडे गेल्यात."

"मग इतका वेळ मी बोललो ते?"

"अजून काहीच पोचलं नाही. नोंद नाही, बंधन नाही."

वरच्या वाटेवर धूळ दिसली. म्हशी येत होत्या. गुरुजींनी शांतपणे नियम सांगितला. "पहिली म्हैस पाण्यात उतरेपर्यंत शब्द मागे घेता येतो. नंतर नाही. बोला, कुठला ठेवायचा, कुठला काढायचा?"

सर्जेरावांनी घाम पुसला. "वर्षश्राद्ध साधंच धरा. आबांना बडेजाव आवडायचा नाही."

"बरं. कपिला?"

"राहू दे."

"आणि तिसरा?"

पुढची म्हैस उताराला लागली. इंदुमती तिच्या खुरांकडे बघत राहिली. जरा पाय उचल गं बाई, असं तिला वाटलं. पण लस टोचलेली म्हैस सावकाशच चालते.

"सर्जेराव, वेळ थोडा आहे."

"आता काय बोलायचं?" सर्जेराव म्हणाले. "कावळ्याला नसेल पोचलं, पण हिला पोचलंय. ही घेतलेलं कधी परत देते होय?"

चुलती फिस्सकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात धरला.

म्हैस नदीत उतरली. पाणी पोटाला लागलं तेव्हा तिने एकदा मान हलवली. कावळा खाली आला, पिंडाला शिवला आणि उडून गेला.

दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, इंदुमतीच्या गोठ्यातली गाय वैरण सोडून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. भावाचा फोन आला नव्हता. इंदुमतीने फळीवरून पिशवी काढली आणि कपडे भरायला घेतले.