फक्कीची मार्गिका

पेडणेकरकाका रोज सकाळी मुलुंडच्या आमच्या रस्त्यावर फक्की घालतात. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची पांढरी पूड. काकांनी आयुष्यभर मैदानं आखली आणि पंच म्हणून उभे राहिले. आता ते सायकलींसाठी मार्गिका आखतात. हातात तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, गळ्यात शिट्टी, आणि वाकून चालता चालता सगळ्या जगाशी वाद.

वादाचं कारण असं. महापालिकेने आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत हिरवी सायकल मार्गिका बांधली. ती पुढे मैदानापर्यंत जायची होती. तेवढ्यात सरकारचा नवा नियम आला: गाड्यांची जागा कमी होत असेल तिथे नवी मार्गिका नाही. हिरवा पट्टा मेडिकलच्या दारात संपला. तिथून काकांची फक्की सुरू होते. दुपारपर्यंत टायर ती पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर.

रेषेच्या आत, म्हणजे काकांच्या कबड्डीच्या भाषेत कडेच्या लॉबीत, स्कूटर आली की शिट्टी. "लॉबीत आलास, मेल्या! बाद!" परवा एक डिलिव्हरीवाला खरंच थांबला, "सॉरी अंकल" म्हणाला आणि गाडी मागे घेऊन गेला. रिक्षावाल्यांना वाटतं, कुणी बडी असामी येणार आहे.

"कोण मिनिस्टर येतोय का, काका?"

"मिनिस्टर सायकलवरून येतो काय रे?"

सुधा, माझी बायको, गेल्यापासून माझी सकाळ खिडकीतच जाते. पुस्तक मांडीवर, नजर खाली रस्त्यावर. त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. एवढा खटाटोप करणारे काका मला सायकलवर कधीच दिसले नाहीत. सायकल काकू चालवायच्या. काका ती मीटर रूममधून काढत, धरून ठेवत, काकू बसत आणि हिरव्या पट्ट्यावरून मेडिकलपर्यंत जाऊन येत. ताठ आणि चपळ. काका बाजूने धावत. सोसायटीतल्या बायकांना याचा राग होता. "सायकल फिरवायला जमतं हो, हळदीकुंकवाला तेवढे पाय दुखतात!"

नव्या नियमावरच्या हरकती ऐकायला वॉर्ड ऑफिसात सुनावणी ठेवली, तेव्हा काका मला ओढून घेऊन गेले. "तू वाचणारा माणूस. नुसता बाजूला बस, वजन पडतं."

"काका, रस्ता अरुंद आहे," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले. "आणि मार्गिका वापरतं कोण?"

"नसलेली मार्गिका वापरणार कोण? रेषाच नाय तर खेळाडू येतील कशाला? आणि दोन्ही बाजूंना गाड्या लावून ठेवतात, त्याने नाय होत रस्ता अरुंद?"

मागून टाळ्या पडल्या. साहेबही हसले. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही स्वतः रोज चालवता का सायकल?"

"मला येत नाय."

सगळी खोली हसली. "मग एवढं कुणासाठी?"

काकांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

हरकत फेटाळल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. लादीवर पांढऱ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे होते, सोफ्यापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नुसत्या उभ्या. हात थरथरत होता आणि पाय जमिनीने धरून ठेवल्यासारखे. काकांनी त्यांना ओढलं नाही. खाली बसले आणि पट्टीवर बोट ठेवलं. आवाज इतका हळू की हाच माणूस रस्त्यावर ओरडतो यावर विश्वास बसेना.

"ही रेषा बघ गो. हिच्यावरून टाक."

काकूंनी पाऊल टाकलं.

"कंपवात," बसल्यावर त्या मला म्हणाल्या. "चालताना पाय ऐकत नाहीत, पेडलवर ऐकतात. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं होतं असं. उतरताना मात्र कुणीतरी धरायला लागतं. मीच यांना सांगितलंय, कुठे बोलू नका. लोक हळहळतात, ते नको वाटतं."

"मेडिकलपर्यंत जाते आणि मी वळवून आणतो," काका लादीकडे बघत म्हणाले. "एवढ्याशा पट्ट्यात किती फिरणार ती?"

पुढच्या रविवारी रस्ता मोकळा होता. काकांनी फक्की पार मैदानाच्या फाटकापर्यंत नेली. मी खाली उतरून गेटवर उभा होतो. काकू निघाल्या, मेडिकल आलं, आणि त्या थांबल्या नाहीत. हिरवा रंग संपला, पांढऱ्या रेषेला धरून त्या सरळ पुढे गेल्या. काका धावले, मग कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागले. मी पळत त्यांना गाठलं.

"रिक्षा!" त्यांनी हात केला आणि मला म्हणाले, "बघतोस काय मेल्या, बस! मी पोचायच्या आत थांबली तर पडेल ती!"

रिक्षातही त्यांचा जीव दोन ठिकाणी होता. "लवकर घे! पण रेषेवर चाक नको!"

काकू मैदानात गोल फिरत होत्या. ओढणी पाठीवर उडत होती. काका धावत मधे गेले आणि दोन्ही हात पसरून वाकून उभे राहिले, चढाईवर आलेल्या गड्याला अडवायला राहतात तसे.

"ये गो आता! धरतो!"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, हँडल किंचित वळवलं, आणि त्यांना चुकवून आणखी एक फेरी मारली.

काका तसेच वाकून राहिले. हात त्यांनी खाली घेतले नाहीत.