मागचं स्वयंपाकघर

"मागचं स्वयंपाकघर काढून टाका. आजच्या आज. मागमूस राहता कामा नये," असं चष्मेवाल्यानं फिटरला फोनवर बजावलं आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. गिऱ्हाईक खालच्या ओळीवर अडखळलं. लोकांना किती कमी दिसतं, असं चष्मेवाल्याच्या मनात आलं. आपण आत्ता फोनवर काय बोलून बसलो, हे मात्र त्याला दुपारपर्यंत दिसलं नाही.

भानगड अशी होती. त्याच्या आवारात पुढे त्याचं स्वतःचं दुमजली घर होतं आणि मागे वडिलांसाठी नुकतंच बांधलेलं छोटं घर. अण्णांनी सगळी हयात इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये आचारी म्हणून काढली होती. आई गेल्यापासून ते परगावी एकटेच राहत. एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हा चष्मेवाल्यानं ठरवलं, आता त्यांना इकडे आणायचंच. पण घरात आणलं तर अण्णा स्वयंपाकघराचा ताबा घेणार, सुनेच्या भाजीत परस्पर मीठ टाकणार, सून फुरंगटणार आणि दोघांच्या मध्ये आपला भुगा होणार! हे सगळं त्यानं मनातल्या मनात पाहूनही टाकलं. बायकोला विचारलं नाही, अण्णांना तर नाहीच.

"मागे तुम्हाला स्वतंत्र घर बांधतो," त्यानं फोनवर सांगितलं होतं. "तुमचा ओटा, तुमची शेगडी. कुणाची कटकट नाही."

पलीकडून अण्णा एवढंच म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'चा अर्थ चष्मेवाल्यानं आपल्या सोयीनं लावला.

पण त्या भागात एका प्लॉटवर एकच घर चालायचं. दुसरं हवं तर प्लॉट मोठा लागे, आणि याचा प्लॉट रस्तारुंदीत कापला जाऊन नेमका थोडक्यात कमी पडलेला. तरी आर्किटेक्ट पोचलेला माणूस होता. "अहो, घर म्हणजे काय?" तो म्हणाला. "नियमात स्पष्ट आहे. स्वयंपाकघर असेल ते घर. नसेल ती पूरक इमारत. पूरक इमारत खुशाल बांधा, फक्त तिथे कुणी राहायचं नाही. आपण नकाशात ओटा दाखवायचाच नाही, मिटलं!"

नकाशात ओटा दाखवला नाही. जागेवर मात्र चांगला ऐसपैस बांधला. अण्णा राहायला आले आणि सामान ठेवायच्या त्या इमारतीतून रोज कांदा परतल्याचा खमंग वास गल्लीभर सुटू लागला. इथवर सगळं सुरळीत होतं. मग नगररचना खात्यातून निरोप आला की बुधवारी पाहणीला येत आहोत, आणि चष्मेवाल्याचं धाबं दणाणलं. एका दिवसापुरता ओटा काढायचा, पाहणी झाली की पुन्हा बसवायचा, असा बेत त्यानं केला. अण्णांना ते सांगायची हिंमत होईना. फिटर गेल्यावर संध्याकाळी सांगू, असं म्हणून त्यानं मंगळवारी सकाळी तो फोन केला.

आता, चष्मेवाल्याच्या स्वतःच्या घरातलं स्वयंपाकघरही मागच्याच बाजूला होतं. तिथली गॅसची नळी याच फिटरनं जोडलेली. आवारात आणखी एक स्वयंपाकघर आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते आहे हे कुणालाच सांगायचं नव्हतं.

दुपारी बायको शाळेतून आली. ती तिथे गाणं शिकवायची. तिचा आवाज तसा मुळातच वरच्या पट्टीतला, दुकानात फोन केला तेव्हा तर तो आणखी चढलेला.

"अहो, आपलं स्वयंपाकघर कुठे गेलं?"

"कुठे गेलं म्हणजे?"

"सकाळी होतं! आता नुसती भिंत आहे. ओली!"

चष्मेवाला दुकान तसंच टाकून धावला. खरंच काही उरलं नव्हतं. ओटा नाही, शेगडी नाही, सिंकसुद्धा नाही. नळ्यांची तोंडं बुजवून वर गिलावा फिरवलेला. दारात अण्णा कौतुकानं बघत उभे होते.

"मीच दार उघडून दिलं त्याला," ते म्हणाले. "म्हटलं, नवीन करताय वाटतं. कामाला चोख हो माणूस. दोनदा चहा पाजला मी."

चष्मेवाला डोक्याला हात लावतो न लावतो तोच फाटक वाजलं. पाहणीच्या बाई! हातात टेप, काखेत नकाशा. "उद्या दुसरीकडे काम निघालंय, म्हणून आजच उरकून घेते," म्हणत त्या सरळ आत शिरल्या. खोल्या बघत बघत ओल्या भिंतीपाशी आल्या.

"स्वयंपाकघर कुठाय?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. होतं म्हणावं तर का काढलं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की मागची सगळी लांडीलबाडी बाहेर येणार.

"इथे... नाहीये," चष्मेवाला म्हणाला. हे खोटं नव्हतं.

बाई मागे गेल्या, पाठोपाठ सगळेच. तिथे शेगडीवर आधण उकळत होतं. "या, बसा बाई, उन्हातून आलात," म्हणत अण्णांनी त्यांच्या हातात कप ठेवला. बाईंनी चहा घेतला, ओटा मोजला, नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे घर हे आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि ती पुढची पूरक इमारत. नकाशावर नावं उलटी पडलीत, मी दुरुस्त करते. पण काय हो, एवढी मोठी?"

"सामान फार आहे," चष्मेवाला म्हणाला.

"घरापेक्षा पूरक इमारत मोठी नसावी असा नियम हवा खरं तर. पण नाहीये, कुणाला सुचलंच नसेल. तिथे कुणी राहत नाही ना?"

"छे!"

बायकोनं पायातल्या घरच्या सपाता हळूच खुर्चीखाली सारल्या.

"मग तुम्ही दोघं राहता कुठे?"

"जवळच," चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग येत जा हो अधूनमधून वडिलांकडे," बाई शिक्का मारता मारता म्हणाल्या. "एकटी माणसं बोलून दाखवत नाहीत."

परवानगी मिळाली, फक्त उलटी. ती सुलटी करायची तर नवा अर्ज, मग समितीची बैठक. तोवर पुढच्या घरात शेगडी लावायची सोय नव्हती. संध्याकाळी दोघं मुकाट्यानं मागे जेवायला गेले. अण्णांनी ताटं मांडली आणि पातेल्यावरचं झाकण काढलं. पातेलं चांगलं मोठं होतं.

"आम्ही येणार हे ठाऊक होतं तुम्हाला?" सुनेनं विचारलं.

"कसलं ठाऊक? मी रोजच तिघांचं करतो. कधी तुम्ही डोकावलात तर असावं आपलं."

"आणि उरतं ते?"

"सकाळी खातो की."

इतके दिवस चष्मेवाल्याला वर खिडकीतून मागचा दिवा दिसायचा, आणि अण्णा मजेत आहेत असं समजून तो पडदा ओढून घ्यायचा. तुमचं दोघांचं मिठावरून वाजेल म्हणून वेगळं घर बांधलं, हे त्यानं आता कबूल केलं.

"मला एकदा विचारायचं तरी," बायको हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला. "वर्गात घसा फोडून आल्यावर कुणी आयतं रांधून वाढलं असतं, तर मी मिठावरून भांडले असते होय?"

चष्मेवाल्याला फार वाईट वाटलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "अण्णा, चुकलं माझं. तुम्हाला असं मागे ठेवायला नको होतं. वरची खोली रिकामीच आहे. आमच्यात या राहायला."

अण्णा वाढता वाढता थांबले.

"हे त्या दिवशी फोनवर म्हणाला असतास ना, तर मिळेल त्या गाडीनं आलो असतो रे. अंथरूण बांधूनच ठेवलं होतं." मग त्यांनी लेकाच्या ताटात आणखी एक पळी वाढली. "आता कसा येऊ? तिथे माणसांनी राहायला बंदी आहे. बाई मला बजावून गेल्यात, तिथे कुणी राहताना दिसलं तर लगेच कळवा म्हणून. जेव मुकाट्यानं, मी अजून कळवलेलं नाही."