विटांचा बंगला, मूळ स्वरूपात

इमारत नीट उभी असते तोवर तिला नुसते घर म्हणतात. ती पडू लागली की तिला इतिहास प्राप्त होतो, आणि पुरती पडली म्हणजे तिच्यासाठी खाते निघते. सर्व प्रगत देशांत हाच क्रम आहे. कातळबंदरचा विटांचा बंगला मात्र या क्रमात बरीच वर्षे अडकून पडला होता, कारण आनंदी तारी नावाची एक बाई त्याला पडू देत नव्हती.

कातळबंदर हे कुणकेश्वरच्या अलीकडचे, दर्याला लागून असलेले गाव. इथे घर बांधायचे तर माणूस आपल्याच परड्यात खणतो, जांभ्याचे चिरे काढतो आणि त्याच खड्ड्याच्या काठावर घर उभे करतो. (खड्डा पुढे विहिरीच्या कामी येतो, नाहीतर भावाभावांच्या भांडणाच्या.) व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत मीठ खात्याचे पिल्किंग्टन साहेब इथे नेमले गेले, तेव्हा घराखालूनच घर काढण्याचा हा प्रकार त्यांना असभ्य वाटला. त्यांनी विलायतेहून गलबत भरून विटा मागवल्या आणि आपल्या गावाकडच्यासारखे हुबेहूब घर बांधले. छप्पर इतके उभे, की त्यावर बर्फ टिकू नये. (अद्याप टिकलेले नाही.) खिडक्या इवल्याशा, म्हणजे आतली ऊब बाहेर जायला नको. आणि बैठकीच्या खोलीत शेकोटी, वर विटांचे धुराडे. वैशाखात ऊब साठवून ठेवण्याची सोय कातळबंदरात त्यापूर्वी कोणीच केलेली नव्हती.

साहेब त्या घरात प्रत्यक्ष राहिले किती, याबद्दल क्लेमेंटिनाबाईंचे मत जरा वेगळे होते. क्लेमेंटिनाबाई म्हणजे गावच्या शाळेतल्या मास्तरीण, आनंदीच्या सख्ख्या शेजारीण. त्यांचे आजोबा साहेबांचे बटलर होते. आजोबा सांगत, की साहेब बंगल्यात फक्त विलायतेला पत्रे लिहायला जात. जेवणे, झोपणे आणि घामोळ्यांवर चंदन लावून घेणे हे सगळे बटलरच्या ओटीवर चाले. ही माहिती डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची असल्यामुळे जुन्या वास्तूंच्या खात्याने ती पुढे ऐकीव म्हणून बाद केली.

साहेब तापाने गेले. (घरात ऊब खरोखरच चांगली टिकत असे.) गावाने रीतीप्रमाणे त्यांना त्या जागेचे राखणदार करून टाकले. वर्षातून एकदा बंगल्याच्या पायरीवर त्यांच्या नावाने नारळ ठेवला जाई, आणि परका मुलूख, काय आवडते कोण जाणे, म्हणून सोबत दोन बिस्किटे.

बंगला ओस पडला, विटा सुट्या होऊ लागल्या. आता तो पडणार आणि इतिहासात जाणार, एवढ्यात स्वातंत्र्यानंतरच्या एका उधाणात दर्याने आनंदीची झोपडी गिळली. नवरा मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षानुवर्षे पाण्यावर. आनंदीने पायलीभर तांदूळ, एक पाटा आणि तीन कोंबड्या घेऊन बंगला गाठला आणि विध्वंसाचे काम सुरू केले. जिथली वीट पडली तिथे तिने चिरा बसवला. विलायती फरश्या उडालेल्या छपरावर कुंभाराचे मातीचे नळे घातले. जमीन सारवली. दारात तुळस आणली. दर वैशाखात स्वतः शिडीवर चढून घर शाकारले. शेकोटीत कोंबड्यांना बसवले, आणि कोंबड्यांचा वास धुराड्यातून वर जाऊ लागला. धुराड्याला बांधल्यापासून मिळालेले हे पहिले काम. अशा रीतीने एका अडाणी बाईच्या आडमुठेपणामुळे राष्ट्र एका भग्नावशेषाला मुकले.

मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला त्या सुमारास खात्याला बंगल्याचा पत्ता लागला. खात्याचे पूर्ण नाव ‘प्राचीन वास्तू संधारण व तदनुषंगिक विश्रामगृहे उपविभाग’ असे होते, पण वेळेअभावी लोक त्याला खातेच म्हणत. खात्याचे उपअभियंता सदावर्ते फोंडाघाट उतरून, एस्टीत दोनदा ओकून, कातळबंदरला आले. बंगला पाहून ते हळहळले. तो चांगल्या स्थितीत होता.

“बाई,” ते म्हणाले, “ही ऐतिहासिक वास्तू आहे. ती मूळ स्वरूपात आणायची आहे. जे मूळचं नाही ते काढून टाकावं लागेल.”

“म्हंजे काय काय?” आनंदीने विचारले.

“हे चिरे. हे नळे. ती चूल, तुळस, कोंबड्या. आणि, हे आपलं... आपणही.”

“आणि मगे हयसर रवतलो कोण?”

इथे राहणार कोण, ते सदावर्त्यांनी खात्याच्या पुस्तिकेत पाहिले. “इतिहास,” ते म्हणाले.

आनंदी तशी हसतमुख बाई, पण हे ऐकून तिने उंबऱ्यावरच बैठक मारली. “सायबांनु, माझा पयला घर दर्यान न्हेला,” ती म्हणाली. “ता मागूक मी खंयच्या कचेरीत जाव? ह्या घर मी उबा ठेवलंय. माका हयसून काढू नकात.”

सदावर्ते माणूस वाईट नव्हते. त्यांनी हे सगळे वर कळवले. वरून उत्तर आले, की वास्तूचा कोणता भाग मूळचा व कोणता नाही, हे ‘स्थानिक परंपरेनुसार चौकशी करून’ ठरवावे. वरच्या माणसाला यातून काय म्हणायचे होते ते त्यालाच ठाऊक. कातळबंदरला मात्र यात काही अवघड वाटले नाही. बांध कोणाचा, म्हैस कोणाची, मुलगी कोणत्या गावात द्यायची, या सगळ्याची चौकशी करण्याची स्थानिक परंपरा तिथे एकच होती.

“हेच्यात इचार कसलो?” गावचे मानकरी दाजी म्हणाले. “देवाक कौल लावया.”

सदावर्त्यांनी हुकूम पुन्हा वाचला. त्यात कौल लावू नये असे कुठेही म्हटलेले नव्हते.

सोमवारी सारा गाव रवळनाथाच्या देवळात जमला. कौलाची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणे घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. (गाभाऱ्याच्या उजव्या झरोक्यातून दर्याचा वारा येतो, ही वेगळी गोष्ट आहे.) चौकशीत अपिलाची सोय नसल्यामुळे ती इतर चौकशांपेक्षा लवकर संपते.

महादू गुरवाने पाकळ्या लावल्या. दाजींनी हात जोडले.

“बा देवा रवळनाथा! आज ह्या खात्याचो सायब तुझ्या पायाशी इलो हा. पिल्किंग्टन सायबाक तू वळाखतंस, तो तुझ्याच शिवेत पडलेलो आसा. तर बंगल्याचे हे जे चिरे, ते तेचेच काय, ह्येचो खुलासो उजवो कौल देवन कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला.

उजवी पाकळी पडली.

सदावर्ते चमकले, पण कारकुनाने नोंद केली: चिरे, मूळचे. पुढे चौकशीला वेग आला. नळे? उजवा. सारवलेली जमीन? उजवा. पाटा? उजवा. तुळस विचारली तेव्हा दोनतीन जाणत्यांच्या मनात शंका आली, साहेब तर गोमांस खाणारा. पण देवाने उजवा दिल्यावर साहेबाने शेवटी शेवटी सोडले असणार, असे ठरले. सुकत घातलेल्या बांगड्यांचा मांडव, उजवा. कोंबड्यांना तर पाकळी गाऱ्हाणे पुरे व्हायच्या आतच पडली. तिसऱ्या प्रश्नापासून सदावर्तेही “होय महाराज” म्हणू लागले होते, आणि पाचव्यापासून सगळ्यांत मोठ्याने. आयुष्यात प्रथमच त्यांच्या कामाचा निकाल त्याच दिवशी लागत होता, आणि त्या आनंदाने त्यांना भोवळ आल्यासारखे झाले होते.

“झाला?” दाजींनी विचारले.

“झाला नाय,” खांबाआडून आनंदी म्हणाली. “माझा काय ता इचारा.”

महादूने नव्या पाकळ्या लावल्या. दाजींनी घसा साफ केला. “बा देवा, ही आमची आनंदी त्या घरातली मूळची आसा काय, आणि तिना थंयच रवाचा काय, ता सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पाकळी पडेना. वारा पडला होता. आनंदीने खांब घट्ट धरला. तिला आपल्या शाकारलेल्या छपराची आठवण झाली आणि रडू फुटायच्या बेतात आले. तेवढ्यात डावीकडची पाकळी हलली. दारात उभ्या असलेल्या क्लेमेंटिनाबाईंनी घाईघाईने छातीवर क्रूस काढला. आता या देवाने त्या देवाकडे पाहिले, की नुसता वारा परत सुटला, हे चौकशीच्या कक्षेत येत नाही. उजवी पाकळी टपकन पडली, आणि सदावर्ते आनंदाने एवढे उडाले की त्यांची टोपी देवाच्या पायाशी गेली.

खात्याच्या यादीत नोंद झाली: ‘आनंदी. मूळ घटक. व्हिक्टोरियन कालखंड. स्थिती बरी. किरकोळ डागडुजी आवश्यक.’ तेव्हा आनंदीचे वय चाळिशीच्या आतबाहेर होते.

गावात साखर वाटली गेली. मग जीर्णोद्धार सुरू झाला. बंगला विटांचा, ही कागदोपत्री सिद्ध गोष्ट होती. भिंती बव्हंशी चिऱ्यांच्या, हेही देवाने सिद्ध केले होते. दोन्ही सत्ये सांभाळण्यासाठी खात्याने चिऱ्यांना विटकरी रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या रेघा ओढून विटा काढल्या. काम इतके सुबक झाले, की उरलेल्या खऱ्या विटा शेजारी खोट्या दिसू लागल्या. तेव्हा त्यांनाही गिलावा करून वर विटा रंगवण्यात आल्या. शेकोटीत कोंबड्या कायम ठेवल्या, पण काळाशी सुसंगत म्हणून विलायती जातीच्या.

मूळ घटकांत परवानगीशिवाय बदल करायचा नाही, असा नियम होता, आणि तो आनंदीलाही लागू होता. तिने जत्रेत हिरवे लुगडे घेतले, तेव्हा खात्याने विचारणा केली, की पूर्वीचे किरमिजी होते, ते का बदलले. ती चार दिवस नांदगावला माहेरी गेली, तर दारावर चिठ्ठी लागली: ‘घटक दुरुस्तीसाठी बाहेर नेला आहे.’ वैशाखात तिने नेहमीसारखी शिडी लावली, आणि खात्याने नेमलेल्या पहारेकऱ्याने ती काढून घेतली. शाकारायची परवानगी आली ती दिवाळीत. मधल्या दिवसांत बंगला चारी बाजूंनी गळला, आणि आनंदी जन्मात पहिल्यांदाच आपल्या घरात छत्री उघडून बसली. पण घर होते. ती त्यात होती. छत्रीखाली भात रटरटताना ती स्वतःशी हसलीही असेल.

महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा भरते. परतीच्या वाटेवर एस्ट्या कातळबंदरला थांबू लागल्या. शहरांतली सुशिक्षित, सुस्वभावी माणसे उतरत, बंगल्यासमोर उभी राहत आणि कॅमेरे काढत. दारात आनंदी मासे निवडत बसलेली असे. माणसे फार आर्जवी. “बाई, जरा बाजूला होता का?” एवढेच म्हणत. ती दारातून पायरीवर आली. पायरी फोटोत यायला लागली, तेव्हा तुळशीपाशी. तुळस फोटोत छान दिसते म्हटल्यावर कुंपणाच्या गडग्यापाशी. शेवटी चूलबोळकी घेऊन ती क्लेमेंटिनाबाईंच्या ओटीवर बसली, साहेब बसत तिथेच.

“अगो, देवाचो कौल आसा तुझ्याकडे,” क्लेमेंटिनाबाई चिडून म्हणाल्या. “तू उठतंस कित्याक?”

“सरकारान जा म्हणान सांगल्यान, मी गेलंय नाय,” आनंदी म्हणाली. “देवान रव म्हणान सांगल्यान, मी रवलंय. पण ही माणसां इतक्या गोड बोलतत, तेंका नाय कसा म्हणा?”

पुढच्या तपासणीत घटक जागेवर आढळला नाही. तो लोकांच्या विनंतीवरून हलला असल्याने खात्यावर जबाबदारी येत नाही, असा शेरा पडला आणि बंगल्याला कुलूप लागले.

त्या माणसांत तुम्हीही होता. कॅमेरा पोटाशी धरून, एक डोळा मिटून तुम्ही म्हणालात, “जरा बाजूला व्हा हं बाई, घर नीट येत नाहीये.” ती लगेच झाली. फोटो सुरेख आला आहे. पाहुणे आले की तुम्ही तो अजून दाखवता. पाहुणे विचारतात, इतक्या सुंदर घरात कोणी राहत कसे नाही? आणि तुम्ही मान हलवून, मनापासून हळहळत म्हणता, “अहो, तिथल्या लोकांना किंमतच नाही.”