माझ्या सुखावर लावलेला कौल

जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहून मी सुखी व्हायचं ठरवलं, तिथेच चुकलं. त्यातला नायक अजब होता. नोकरी जावो, घर जळो, हा आपला आरशात बघून हसायचा, डोंगरावर जाऊन दीर्घ श्वास घ्यायचा आणि शेवटच्या रिळात त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं की विचारू नका. मी पडलो मालवणच्या कचेरीतला कारकून. डोंगर लांब, म्हणून श्वास बंदरावर घेतला. (तिथे सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत होती.) (तरीही हसलो.)

सकाळी चहा गार आला, मी हसलो. शेजारच्या आंतोनने माझी नेलेली छत्री मोडून परत आणली, तर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. बिचारा वळून वळून बघत गेला. हे सगळं पाहून माझ्या बायकोने, सुगंधाने, परीक्षाच घेतली. दुपारी बांगड्याच्या तिखल्यात मुद्दाम तिरफळं घातली नाहीत. एरवी एवढ्यावरून मी ताट सरकवतो. पण म्हणालो, "छान झालंय."

लग्न झाल्यापासून हा शब्द तिने माझ्या तोंडून ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले. "बंदरार खंय वायट जाग्यार पाय पडलो काय तुमचो?"

मी सिनेमा, मनःशांती वगैरे समजावलं. तिने नारळ उचलला आणि मला देवळात नेलं.

लवू गुरवाने कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"देवा, ह्येका भायरला कोण हसवता काय?" लवूने भूतबाधेचं विचारलं.

उजवी पाकळी टपकन पडली. मी आपणहून सुखी असेन, यावर देवाचाही विश्वास नव्हता.

लवूने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्येच्या अंगात जा काय शिरला आसात, ता खाडयेपलीकडे ने, आणि ह्येचो पयलो राग ह्येका परत दी."

"व्हय म्हाराजा," जमलेली मंडळी म्हणाली. पायरीवरून आंतोनही म्हणाला.

आता मात्र माझा तोल सुटला. छत्रीपासून तिरफळांपर्यंत सगळं बाहेर काढलं, सिनेमावाल्यालाही सोडलं नाही. सुगंधाने डोळे पुसून हात जोडले. नायकाच्या चेहऱ्यावरचं ते तेज मला अखेर तिच्या तोंडावर दिसलं.

खात्री करावी म्हणून लवूने पुन्हा पाकळ्या लावायला घेतल्या. "ह्यो आता जन्मभर असोच खेकसत ऱ्हवतलो मा?"

नीट चिकटण्याआधीच उजवी पडली.