छप्परवाले मेश्राम

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ छपराला हाताने इशारे करतात.

मेश्राम त्यांचं नाव. भिंतीवरच्या पेटीतलं बटण ते एकदा दाबतात आणि लगबगीने बॅडमिंटन कोर्टाच्या मधोमध येऊन उभे राहतात. छप्पर मिटायला लागलं की त्याच्याकडे तोंड करून, उलट पावलांनी, त्याच्या पुढे पुढे चालतात. उजवा हात वर, तळवा स्वतःकडे, बोटं हलताहेत. ये, ये, ये. शेवटी वीतभर अंतर उरलं की बोटं मिटून मूठ होते. आणि छप्पर थांबतं.

आता, ते मुठीमुळे थांबत नाही. रुळाच्या टोकाला एक खटका आहे. चाक त्याला टेकलं की मोटरची वीज तुटते आणि छप्पर थांबतं, मग मेश्राम तिथे असोत की नागपुरात. हे मी अनेकांना समजावून सांगितलं आहे. पण लोकांना खटका दिसत नाही, मूठ दिसते. आणि बघणाऱ्या लोकांत आमच्या सौभाग्यवती असतात.

मी परचुरे. कर्वेनगरातल्या या सोसायटीचा क्रीडाचिटणीस. अठरा वर्षं या कोर्टाचा कारभार माझ्याकडे आहे. जाळं मी बांधतो, रेषा मी रंगवून घेतो, आणि स्वतःच सांगू नये, पण माझा बॅकहँड बघायला कोथरूडहून माणसं आलेली आहेत. या अठरा वर्षांत नीला, म्हणजे आमची पत्नी, एकदाही माझा खेळ बघायला खाली उतरली नाही. "तेच तेच काय बघायचं? इकडून तिकडे आणि तिकडून इकडे," असं तिचं म्हणणं. तीच नीला आता संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन छप्पर बघायला येते. छप्पर तरी दुसरं काय करतं? इकडून तिकडे आणि तिकडून इकडे!

छपराचा इतिहास थोडक्यात सांगतो. कोर्ट पूर्वी उघडं होतं, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने बंद. निम्म्या सभासदांना छप्पर हवं होतं. उरलेल्या निम्म्यांना कोजागिरीला आकाश आणि उन्हाळ्यात वाळवणं घालायला ऊन हवं होतं. दोन सभा आणि एक राजीनामा झाल्यावर सरकतं छप्पर घ्यायचं ठरलं. कोर्टाच्या दोन्ही लांब बाजूंना गुडघाभर उंचीचे कट्टे आणि त्यांवर रूळ. रुळांवर पोलादी कमानींचे चार खण, वर दुधी पत्रे. पार्किंगच्या बाजूचा सगळ्यात मोठा खण जागचा हलत नाही. बाकीचे तीन एकाहून एक लहान. उघडताना सगळ्यात लहान खण मागे सरकतो, दुसऱ्याच्या पोटात शिरतो, मग त्याला घेऊन तिसऱ्याच्या, आणि शेवटी सगळे मोठ्या खणात जाऊन बसतात. डब्यात डबा ठेवावा तसे. मिटताना पुढचा खण मागच्याला आकड्याने ओढून बाहेर काढतो.

कंपनीची माणसं हे बसवत होती तेव्हा मेश्राम नुकतेच मुलाकडे राहायला आले होते. मुलगा हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत. हे विदर्भातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे छताखालून धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांनी तीस वर्षं क्रेन चालवली. खालच्या माणसाने बोट फिरवलं की उचलायचं, मूठ केली की थांबायचं. कंपनीचं काम चाललं तितके दिवस मेश्राम हात मागे बांधून बाजूला उभे. शेवटच्या दिवशी कंपनीचा इंजिनीयर आम्हा समितीला छप्पर कसं चालवायचं ते शिकवायला बसला, तर मध्येच थांबून म्हणाला, "काका, बरोबर सांगतोय ना मी?"

त्याच दिवशी पेटीची किल्ली मेश्रामांकडे गेली. समितीत ठराव एकमताने झाला. एकमत म्हणजे माझाही हात वर होता. नाइलाज होता.

तेव्हापासून तीन वर्षं कोर्ट त्यांच्या तंत्राने चालतं. छप्पर हलवण्याआधी ते दोन्ही रूळ चालत जाऊन तपासतात. पानं, खडे, एकदा कोणाची तरी चप्पल, एकदा झोपलेलं मांजर. दोन्ही बाजूंच्या मोटरींना त्यांनी नावं ठेवली आहेत. पूर्वेची उगवती, पश्चिमेची मावळती.

"मावळती जरा आळशी आहे," ते नीलाला सांगत होते. "दोघी संगंसंगं चालल्या पाहिजे नं. एक पुढं गेली अन् एक मागं राहिली, तर कमान तिरपी होते. तिरपी झाली का चाक रुळावर चढते."

"अगदी संसारासारखंच," नीला म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

छपराच्या माथ्यावर चार वाट्यांची एक भिरभिरी आहे. ती वारा मोजते. ती जोरात फिरायला लागली की मेश्राम उघडायला साफ नकार देतात. एकदा मी म्हणालो, "अहो, वारा आहेच कुठे? पानसुद्धा हलत नाहीये."

"खाली नाही, वर आहे," ते शांतपणे म्हणाले. "छप्पर वर राहते, साहेब. तुमी खाली राहता."

यात टोमणा नव्हता, हेच तर दुखणं. टोमणा असता तर मी पुण्याचाच आहे, परत केला असता.

आणि ते त्यांचं वाक्य! "छप्पर येऊन राहिलं, बाजूला व्हा!" आमच्या सोसायटीतली शुद्ध मराठी बोलणारी पोरंसुद्धा आता "स्कूल बस येऊन राहिली" म्हणतात. माझं एक वाक्य अठरा वर्षांत कोणी उचललं नाही.

तर त्या रविवारी शनिवार पेठेतल्या एका मंडळाचा संघ आमच्याकडे खेळायला येणार होता. आदल्या दिवशी मेश्राम किल्ली घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, नागपूरचे पाहुणे आले आहेत, उद्या त्यांना खडकवासल्याले घेऊन चाललो. छप्पर उघडाचं असलं तर आधी रूळ पाहा. दोन्ही बाजू. चालून."

"मेश्राम, मला अठरा वर्षांचा अनुभव आहे."

"छपराचा?" त्यांनी विचारलं. अगदी खरोखर विचारलं.

रविवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं म्हणून छप्पर मिटलेलं होतं. तीन सामने झाले आणि लख्ख ऊन पडलं. पाहुण्यांपैकी एक जण वर बघून म्हणाला, "हे उघडतं म्हणे?" नीला खुर्ची टाकून बसलेली होती. मला राहवलं नाही. मी पेटी उघडली, बटण दाबलं आणि कोर्टाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. हातही वर केला. खोटं कशाला सांगू?

रूळ मी बघितले नाहीत.

दीड खण मागे गेल्यावर छप्पर थांबलं आणि पेटीतला लाल दिवा लागला. दोन बाजूंत चार बोटांचा फरक पडला की ते आपोआप थांबतं. तशी सोयच आहे. पण पाहुणे बघत होते. पेटीत आणखी एक खटका आहे: एकीकडे "आपोआप", दुसरीकडे "हाताने". मी तो "हाताने" वर केला आणि बटण दाबून धरलं. "हाताने" वर असताना छप्पर स्वतःचं डोकं चालवत नाही, बोट धरलेल्या माणसाचं चालवतं.

कर्रर्र असा आवाज झाला. उगवती जागेवर, मावळती पुढे. अख्खी कमान कंबरेत लचकल्यासारखी तिरपी झाली आणि पूर्वेचं चाक रुळावरून अंगठाभर उचललं गेलं. मी बोट काढलं.

"आमच्याकडे छप्परच नाही," शनिवार पेठेतला एक जण मोजे काढत म्हणाला. "त्यामुळे बिघडत नाही."

अर्ध्या कोर्टावर ऊन, अर्ध्यावर सावली, डोक्यावर लटकलेली कमान. सामना रद्द. आमच्या अध्यक्ष कुलकर्णी बाई तरातरा खाली आल्या. "परचुरे, काय झालं हे?"

मी म्हणालो, "देखभालीत काहीतरी राहिलं असणार."

वाक्यात कोणाचंही नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

दुपारी चारला मेश्राम परतले. हातात आमच्या सगळ्यांसाठी भाजलेल्या कणसांची पिशवी होती. त्यांनी कमान बघितली, पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि पेटीपाशी गेले. खटका "हाताने" वर होता. तो त्यांनी बघितला. मग मला बघितलं. आणि एका बोटाने खटका हळूच "आपोआप" वर आणून ठेवला.

"मेश्राम, काय प्रकार आहे?" कुलकर्णी बाईंनी विचारलं.

"माझी चूक आहे, मॅडम. जाताना रूळ पाहाचा राहिला."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला माझ्याकडे भरपूर वेळ होता.

दोन्ही मोटरींना वीज गेल्यावर फिरवायला हँडल आहे. मेश्राम म्हणाले, "साहेब, तुमी उगवती घ्या, मी मावळती घेतो." कमानीआडून मला ते दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता. "तुमी थांबा. मले मागं येऊ द्या... आता अर्धा फेरा... थांबा." ते त्यांची बाजू केसाकेसाने मागे आणत होते. माझ्यापुढचं चाक हळूहळू खाली आलं आणि टक् करून रुळावर बसलं. चाकापुढे कुंडीतला एक खडा होता, सुपारीएवढा. तो मी उचलून खिशात टाकला. नंतर पाऊण तास आम्ही दोघं ते छप्पर हाताने मिटवत होतो, त्यांच्या "एक... दोन..." वर. इतका चांगला जोडीदार मला दुहेरीत कधी मिळाला नाही, असं मनात आलं आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी समितीने किल्ली काढून घेतली आणि छप्पर कंपनीच्या माणसाकडे सोपवलं. आदल्या संध्याकाळी मी परत केलेली किल्ली मेश्रामांनी पुसून दिली. माझ्या मनासारखं झालं होतं. पण हरण्यातही हा माणूस माझ्यापेक्षा ऐटीत हरला, हे काही मला सहन होईना.

कंपनीचा माणूस यायचा, बटण दाबायचा आणि फोन बघत बसायचा. छप्पर खटक्यापाशी बरोबर थांबायचं. बघायला कोणी नसायचं. नीलाने खुर्ची माळ्यावर टाकली. चौथ्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, "मी तिथे समोर बसले होते त्या दिवशी. बटणावर बोट कोणाचं होतं ते मला दिसतं. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

सभेत उभं राहून बोलायचं धाडस मला नव्हतं. मी फलकावर सूचना लावली. "रविवारी छप्पर अडकले ते खाली सही करणाऱ्याच्या उतावळेपणामुळे. श्री. मेश्राम यांचा त्यात काडीचाही दोष नाही. किल्ली त्यांना परत द्यावी. या विषयावर सही करणाऱ्यास जिन्यात थांबवून चर्चा करू नये." खाली सही.

जिन्यात चौदा जणांनी थांबवलं. पण किल्ली परत गेली.

त्या संध्याकाळी कोर्टावर मेश्राम एकटेच होते, रुळाला तेल देत. मी जाऊन उभा राहिलो.

"त्या दिवशी खोटं काहून बोललात?" मी विचारलं. त्यांचा शब्द माझ्या तोंडून निघाला, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"तुमाले कोर्टावरून काढलं असतं नं. मंग खेळलं कोण असतं?"

"मेश्राम, मी तीन वर्षं तुमच्यावर जळतोय."

ते तेलाची कुपी खाली ठेवून हसायला लागले. "मी तुमच्यावर! तुमचा तो उलट्या हाताचा फटका पाहून घरी जाओ अन् आरशापुढं पोळपाट घेऊन करून पाहो. सून म्हणे, बाबा, काय करून राहिले?" मग हसू ओसरलं. "कारखान्यात आफिसर लोकांच्या क्लबात कोर्ट होतं. दिवे लावाची ड्युटी माझी. लावून झाले का भिंतीले टेकून पाहत राहो. आठ-दहा वर्षं पाहिलं. कोणी म्हटलं नाही, ये बा, एक हात मार."

मी हिशेब केला. आमच्याकडे तीन वर्षं झाली होती. कोर्टावरची सगळी माणसं त्यांना रोज हाक मारत होती, "काका, उघडा," "काका, मिटा." रॅकेट पुढे करणारा एकही नव्हता. क्रीडाचिटणीस धरून.

"उद्या सकाळी सहाला या," मी म्हणालो.

ते साडेपाचलाच आलेले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पायात पांढरेशुभ्र खेळाचे बूट. एकदाही न वापरलेले.

"रिटायर झालो त्या हप्त्यात घेतले होते," ते बुटांकडे बघत म्हणाले. "खोक्यातच होते. म्हटलं, कोणी बलावलं तर असावे."

मी माझी चांगली रॅकेट त्यांना दिली. त्यांनी ती हातोडीसारखी धरली, मी बोटं सोडवून नीट धरायला शिकवलं. पहिलं फूल त्यांच्या खांद्यावर पडलं, दुसरं मागे. तिसऱ्यासाठी त्यांनी जोरात पाऊल पुढे टाकलं आणि फट् असा आवाज झाला. इतकी वर्षं खोक्यात राहून बुटांचा गोंद वाळला होता. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून लोंबायला लागला.

मेश्राम वाकले. दोन्ही बुटांच्या नाड्या सावकाश सोडल्या, आत मोजे नीट घडी करून ठेवले आणि बूट रेषेच्या बाहेर जोडीने लावून ठेवले. मग अनवाणी आत येऊन, गुडघ्यांत थोडं वाकून, रॅकेट दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"टाका," म्हणाले.

मी फूल उचललं आणि अगदी हळू, त्यांच्या बरोबर समोर येईल असं टाकलं.