न टोचलेली वडी

आमचे नाना मासवडीला काडीने टोचे मारतात. एक टोचा म्हणजे थोरले बापू, दोन म्हणजे आक्का, तीन माझा मुलगा, चार मुलाचे बाबा आणि पाच मी. ताटात वडी पडली की आधी टोचे मोजायचे, मग तोंड उघडायचं.

नाना माझे मधले दीर. वय त्रेसष्ट. जाऊबाई गेल्यापासून वारूळवाडीच्या मळ्यात एकटेच राहतात. दर रविवारी संध्याकाळी सगळ्या भावंडांनी त्यांच्याकडे जेवायचं, हा त्यांचा कायदा. बापू मंचरहून येतात, बहीण आक्का डिंगोऱ्याहून, आम्ही नारायणगावातून. बापूंना बीपी, मीठ बंद. आक्कांनी माळ घातल्यापासून कांदा-लसूण सोडला. मुलाला शेंगदाण्याचा कण लागला तरी ओठ सुजतात, म्हणून नानांच्या घरात शेंगदाण्याला बंदी. आमच्या ह्यांचं नाक गळलं नाही तर ते जेवलेच नाहीत. मला सगळं बेताचं लागतं.

"तुझंच लई अवघड, सुनीता," नाना म्हणतात. "बेत कुठल्या चमच्यानं मोजू?"

गुरुवारी सकाळी सातला त्यांचा फोन येतो. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. "बापूचं बीपी किती भरलं? आक्काचा उपास कधी सुटतोय?" पाच माणसांचा अहवाल घेऊन गडी फोन ठेवतो.

मी याद्या करणारी बाई. ऑफिसात तीस जणांच्या रजा माझ्याकडे असतात. म्हणून मी नानांना चौकटी आखून पथ्यांची यादी करून दिली. त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, घडी घातली आणि गरम पातेल्याखाली सरकवली.

"कागद रश्श्यात पडला की गेला. टोचा जात न्हाई."

मग एका रविवारी मी लवकर जाऊन नुसती बघत बसले. एकच कढई. बेसनाचं पिठलं रटरटलं की आधी बापूंचा वाटा बाहेर, मग मीठ आत. परातीत तीळ-खोबऱ्याचं सारण. आधी आक्कांचं काढून ठेवायचं, मगच लसूण सोलायचा. मुलाचा बिनतिखट, मग माझा बेताचा वाटा निघाला की ह्यांच्यासाठी मिरची. मसाला चढत जातो, माणसं एकेक करून बाजूला होतात. ओल्या फडक्यावर पिठलं थापून, सारण भरून, माशाच्या आकाराची वळकटी झाली की काडीचे टोचे. मी तिथेच हात जोडले. माझ्या चौकटींना हे जमलं नसतं.

"आणि तुमची कुठली?"

"न टोचलेली. ती तू यायच्या आधीच झाली. मला पथ्य न्हाई, सगळं चालतं. नुसता जाळ असतो जाळ!"

तेव्हापासून तो जाळ चाखायचं माझ्या मनात होतं. त्यातच गेल्या महिन्यात बापू म्हणाले, "नाना, आता पुरं कर. प्रत्येकाचं ताट न्यारं. आपापल्या घरी जेवू." त्या दिवशी नानांनी बापूंना तीनदा वाढलं.

पुढच्या रविवारी ताटं वाढायच्या वेळी लाईट आली आणि नाना मोटर चालू करायला विहिरीवर पळाले. वाढप माझ्याकडे आलं. मी हळूच न टोचलेली एक वडी तोंडात टाकली.

मीठ नाही. लसूण नाही. तिखटाचं नाव नाही. मऊ पिठलं, आत जरासं खोबरं. मसाला चढायला लागण्याच्या कितीतरी आधी ही वडी कढईतून निघाली होती.

दारात नाना उभे होते. पायांना चिखल.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुर्बीण घालून पोट बघितलं तवापासून. जखम हाय म्हणत्यात." आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "बापू निमित्तच शोधतोय. माझं पथ्य कळलं तर म्हणंल, नानाला कशाला तरास, बंद करा रविवार. मग कुणाला फोन करू गं मी गुरुवारी?"

पंगत बसली. ह्यांनी चार टोच्यांची वडी संपवली, नाक पुसलं आणि नानांच्या ताटाकडे हात लांबवला. "नाना, आज तुमच्यातली एक द्या राव. खरा जाळ बघू."

नानांचा घास हातातच राहिला.

मी मधेच ती वडी उचलली, अख्खी तोंडात टाकली आणि हा-हू करत तांब्या तोंडाला लावला. "नको हो, मरायचंय का? लई तिखट!"

"बघा, तिला सोसलं न्हाई," आक्का म्हणाल्या. "पुढच्या रविवारी जरा कमी घाल, नाना."

"पुढच्या रविवारी बघू," नाना म्हणाले आणि गुळाचा खडा माझ्या ताटात सरकवला.

यादीत चुकीची नोंद राहिली तर मला झोप येत नाही. तरी माझ्या पथ्यांच्या वहीत नानांच्या नावापुढे अजून 'सगळं चालतं' असंच लिहिलेलं आहे.